कुओट भाषेच्या कसाला लावलेलं ग्लॉटोलॉग

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात भाषाविज्ञानाची नेट परीक्षा देणारी मुलं आणि महाविद्यालयात मराठी-कन्नड शिकवणारी मंडळी एक प्रश्न नेहमी विचारतात: अमुक भाषा कोणत्या कुळातली, हे बघायचं कुठे? विकिपीडिया आज एक सांगतो, उद्या कुणीतरी बदलतं. ग्रंथालयातले जाडजूड कोश तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे. एथ्नोलॉग ही जगातल्या भाषांची सूची उघडली तर सविस्तर माहितीसाठी पैसे मागते. उरलं ग्लॉटोलॉग, म्हणजे जगातल्या भाषा, त्यांची कुळं आणि त्यांच्यावरचे संदर्भ यांची इंटरनेटवरची नोंदवही. ते मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही आणि जाहिराती नाहीत. पण वापरणारे बरेच जण त्याचं पान चुकीचं वाचतात, म्हणून हे परीक्षण जरा खोलात जाऊन.

परीक्षेला मुद्दाम मोठी भाषा घेतलेली नाही. मराठी इंडो-आर्यन आणि कन्नड द्राविडी, हे सांगणारी शंभर ठिकाणं आहेत. सेवेचा कस लागतो तो लहान भाषेवर, जिच्यावर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणून कुओट.

कुओट पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावर बोलली जाते. बेट लांबट आणि अरुंद. त्यावरच्या बाकी सगळ्या भाषा ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलय, फिजीयन, माओरी यांच्या नात्यातल्या. कुओट तेवढी वेगळी. भाषक सुमारे 2400, गावं दहाच्या आसपास. त्यातल्या एका गावाच्या नावावरून जुन्या लिखाणात तिला पनारास म्हटलेलं सापडतं. वाक्यात क्रियापद आधी, मग कर्ता, मग कर्म. आपल्यासारखं क्रियापद शेवटी ठेवणं पापुअन भाषांत सर्रास चालतं, त्यामुळे कुओट तिथेही उठून दिसते. नामांना पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोन लिंगं. भाषेवरचं सर्वात मोठं काम एव्हा लिंडस्ट्रॉम यांचा 2002 चा स्टॉकहोम विद्यापीठातला प्रबंध. त्याआधी 1996 मध्ये चुंग दांपत्याने लिहिलेलं छोटं व्याकरण आहे. आणखी काही लेख धरले तरी सगळं एका पिशवीत मावेल.

आता शोध. शोधाच्या चौकटीत नाव रोमन लिपीत टाका. नाव, तीन अक्षरांचं आयएसओ चिन्ह (भाषेचं आंतरराष्ट्रीय संक्षेपचिन्ह) किंवा ग्लॉटोकोड (ग्लॉटोलॉगने स्वतः दिलेली खूण), तिन्ही चालतात. कुओटचं आयएसओ चिन्ह के-टी-ओ, ग्लॉटोकोड के-यू-ओ-टी 1243. ग्लॉटोकोडची घडण बहुतेक अशीच असते: आधी चार अक्षरं, मग चार आकडे. आकड्यांना अर्थ नाही, तो नुसता क्रमांक आहे. मराठीचा एम-ए-आर-ए 1378.

पहिली ठेच इथेच लागते. नाव टाकून शोधणं धोक्याचं, कारण एकाच नावाच्या भाषा जगभर पसरलेल्या असतात. कोल हे नाव घ्या. न्यू ब्रिटन बेटावर कोल नावाची पापुअन भाषा आहे. बांगलादेश-भारताच्या बाजूला कोल नावाची मुंडा भाषा आहे. कॅमेरूनमध्येही एक कोल आहे. पापुअन भाषांवर टिपण लिहिताना मुंडा कोलचे संदर्भ त्यात जाऊन बसले, तर परीक्षकाला पहिल्या पानावरच कळतं. एकदा बरोबर पान सापडलं की ग्लॉटोकोड वहीत लिहून ठेवा आणि पुढचं सगळं काम त्या कोडने करा.

कुओटच्या पानावर वर वर्गीकरणाचा वृक्ष, शेजारी नकाशा, खाली पर्यायी नावं, भाषेची धोकास्थिती आणि संदर्भांची यादी. वृक्षाच्या जागी पाहिलं तर कुओटच्या वर काहीच नाही. नवखा वाचक म्हणतो, माहिती भरायची राहिली असेल. राहिलेली नाही. वर काही नसणं हेच इथलं उत्तर आहे: ही एकाकी भाषा, जिचं कुठल्याही दुसऱ्या भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही.

आणि ‘पापुअन’ या नावाचं कुळ शोधत बसू नका, ते मिळणार नाही. पापुअन हे कुळाचं नाव नाहीच. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरच्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत, त्यांना सोयीसाठी दिलेलं ते नाव आहे. ‘परप्रांतीय’ या शब्दावरून माणूस कुठून आला हे कळत नाही, कुठला नाही तेवढं कळतं, तसं. ग्लॉटोलॉग या सगळ्या पट्ट्याला पापुनेशिया म्हणतं, पण तो निव्वळ भौगोलिक विभाग आहे. त्यात ऑस्ट्रोनेशियनही येतात.

एकाकी हा निर्णय कशावर उभा आहे, हे कळलं तरच पानाचा उपयोग. नात्याचा पुरावा म्हणजे शब्दांचं साम्य नव्हे, साम्यातला नियमितपणा. सीमाभागातल्या वाचकाला हे समजवायला लांब जायला नको. कन्नडात दूध हालु, तमिळमध्ये पाल. कन्नडात दहा हत्तु, तमिळमध्ये पत्तु. वाघ कन्नडात हुली, तमिळमध्ये पुली. तमिळच्या सुरुवातीच्या प-च्या जागी कन्नडात ह, आणि हे एकदा नाही, ओळीने पुन्हा पुन्हा. यालाच ध्वनिनियम म्हणतात, आणि नातं यावर ठरतं. उलट मराठीत अण्णा, अक्का, अडकित्ता आहेत, कन्नडातही त्यांची भावंडं आहेत, पण ते शब्द उसने आले. त्यांच्यात असा ध्वनींचा नियम लावता येत नाही. आले तसे घरात बसले.

वाक्याच्या पातळीवर तर आणखी फसगत होते. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षं एकत्र नांदून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होतं. गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये ते दाखवलं आणि कुपवाड जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. बेळगावात ‘काय करूलास?’ म्हणणाऱ्याच्या मराठीवर कन्नडाची सावली कुणालाही ऐकू येते, म्हणून ती मराठी द्राविडी कुळात जात नाही. सारखी रचना शेजारामुळेही येते.

कुओटच्या बाबतीत हाच घोटाळा उलट्या दिशेने. तिचे शेजारी, नालिक, मडाक, नोत्सी, सगळे ऑस्ट्रोनेशियन. कुओटमध्ये त्यांचे शब्द आहेत, आणि ते बाजूला काढून उरलेल्याची तुलना करावी लागते. ती न्यू ब्रिटन, बुगेनव्हिल, सॉलोमन बेटांवरच्या पापुअन भाषांशी करून पाहिली, तर हालु-पालसारखी ओळ लागत नाही. न्यू आयर्लंडवर माणूस पोचला त्याला 35 हजारांहून अधिक वर्षं झाली. ऑस्ट्रोनेशियन भाषक आले ते साधारण 3300 वर्षांपूर्वी. इतक्या खोल काळात एखादं नातं असलंच, तरी ध्वनिनियमांनी पकडण्याइतकं शिल्लक राहत नाही. तौलनिक पद्धतीचा पल्ला बहुतेक अभ्यासक दहा हजार वर्षांच्या आसपास धरतात.

तरी कुओटला घर देण्याचे प्रयत्न झाले, आणि ग्लॉटोलॉगची खरी किंमत त्या इतिहासासमोर ठेवून कळते. 1971 मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग यांनी पापुअन, अंदमानी आणि तास्मानियन भाषा एकाच ‘इंडो-पॅसिफिक’ कुळात घातल्या. अंदमानमुळे भारतीय वाचकाला त्याचं कुतूहल वाटतं, पण ध्वनिनियमांचा आधार नसल्याने जाणकारांनी ते स्वीकारलं नाही. मग 1975 च्या सुमारास स्टीफन वुर्म यांनी ‘पूर्व पापुअन’ नावाचं मोठं कुळ मांडलं, त्यात रॉसेल बेटावरच्या येलि दन्ये भाषेपासून सॉलोमनमधल्या भाषांपर्यंत सगळ्या आणि त्यांच्यातच कुओट. 2005 मध्ये माल्कम रॉस यांनी सर्वनामांची तुलना करून त्या कुळाचे तुकडे केले आणि कुओट एकटी काढली.

त्याच वर्षी डन, टेरिल, रीसिंक, फोली आणि लेविन्सन यांनी वेगळीच वाट धरली. शब्द सोडून व्याकरणाची 125 लक्षणं घेतली, संगणकावर वृक्ष काढला, आणि पापुअन भाषांची मांडणी भूगोलाशी जुळते असं दाखवलं. आकर्षक काम. पण कुपवाडचं उदाहरण आठवत असेल तर आक्षेप स्वतःच सुचतो: व्याकरणाची लक्षणंही शेजाऱ्याकडून येतात, मग वृक्षात नातं दिसतंय की शेजार? पुढे डोनोह्यू आणि मस्ग्रेव्ह यांनी याच अंगाने टीका केली.

ग्लॉटोलॉग या सगळ्यात कुंपणावर बसत नाही. त्याचे संपादक हॅराल्ड हामरस्ट्रॉम यांचा दंडक कडक आहे: नातं सिद्ध असेल तरच कुळ, नाहीतर भाषा एकटी. म्हणून इथे ‘पूर्व पापुअन’ नाही, ‘इंडो-पॅसिफिक’ नाही, आणि ट्रान्स-न्यू गिनी हे न्यू गिनीतलं सर्वात मोठं कुळसुद्धा फक्त गाभ्यापुरतं, तीनशेच्या वर भाषांचं आहे. टिमथी अशर यांच्यासारखे अभ्यासक यापेक्षा मोठे गट मानतात. तुम्हाला मोठे गट हवे असतील तर ग्लॉटोलॉग कंजूष वाटेल. आमच्या मते नोंदवहीने कंजूषच असावं. एकदा छापलेलं खोटं कुळ पुसायला पिढी जाते: एथ्नोलॉगच्या 2005 च्या आवृत्तीपर्यंत पूर्व पापुअन कुळ छापलेलं आहे, आणि ज्या ग्रंथालयांत तीच प्रत आहे तिथून ते आजही टिपणांत उतरतं.

संदर्भांची यादी हा या सेवेचा सगळ्यात भरीव भाग. प्रत्येक नोंदीवर प्रकार लिहिलेला असतो: व्याकरण, संक्षिप्त व्याकरण, शब्दकोश, शब्दयादी, संहिता, समाजभाषावैज्ञानिक अभ्यास. आधी व्याकरणावर गाळणी लावा, मग संक्षिप्त व्याकरण बघा. एखाद्या भाषेखाली नुसती शब्दयादी असेल, तर तिच्या वर्गीकरणाबद्दलचं कुठलंही ठाम विधान जपून घ्यायचं, कारण दोन-तीनशे शब्दांत उसने शब्द वेगळे काढताच येत नाहीत. कुओटखाली प्रबंध आहे, म्हणून तिच्यावरचा निर्णय भक्कम.

दोन सावधगिऱ्या. काही संदर्भ माणसाने नव्हे, संगणकाने शीर्षकावरून भाषेला जोडलेले आहेत. तशी टीप तिथे असते, पण बारीक अक्षरात. मोठ्या भाषेला त्याने फरक पडत नाही. पाच संदर्भांच्या भाषेत एक चुकीचा घुसला तर वीस टक्के यादी बिघडली. दुसरं, इथे फक्त संदर्भाचा पत्ता मिळतो, पुस्तक नाही. पीडीएफच्या आशेने दुव्यावर टिचक्या मारत बसणाऱ्यांची निराशा होईल. पॅसिफिक लिंग्विस्टिक्सचे बरेच जुने खंड ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संग्रहात मोफत आहेत, तिथे नावाने शोधा. ध्वनिमुद्रणं हवी असतील तर पॅराडिसेक या ऑस्ट्रेलियन संग्रहात पॅसिफिक भागातलं बरंच साहित्य आहे.

भाषकसंख्या? ग्लॉटोलॉग देतच नाही. वर लिहिलेला 2400 हा आकडाही इथला नाही. धोकास्थिती मात्र आहे, ‘धोक्यात नाही’पासून ‘लुप्त’पर्यंत सहा पायऱ्यांत, आणि ती युनेस्कोचा नकाशा, संकटग्रस्त भाषांची सूची आणि एथ्नोलॉग यांच्यावरून एकत्र केलेली. कुओटच्या गावांत मुलं टोक पिसिनकडे, म्हणजे पापुआ न्यू गिनीतल्या सामायिक संपर्कभाषेकडे, वळली आहेत, हे लिंडस्ट्रॉम यांनी तपशिलात मांडलंय. सहा पायऱ्यांतला एक शब्द तेवढं सांगू शकत नाही.

नकाशाचं म्हणाल तर एका भाषेला एक ठिपका. दहा गावांच्या कुओटला तो शोभतो. मराठीला तो हास्यास्पद आहे. कोल्हापूर, चंदगड, बेळगाव, खानापूर, सगळं त्या एका ठिपक्यात कोंबलेलं, आणि कन्नडाचा ठिपका दूर कुठेतरी वेगळा. सीमाभाग या नकाशात अस्तित्वातच नाही. ठिपका हा क्षेत्राचा दावा नाही, एवढं लक्षात ठेवा. ठिपक्याचा स्क्रीनशॉट घेऊन वाद घालणाऱ्यांना हे सांगून उपयोग होतो का, ते ज्याचं त्याने बघावं. खानापूर-गोवा पट्ट्यातल्या कोंकणीचं काम करणाऱ्यांनी आयएसओ चिन्हांकडेही लक्ष द्यावं. के-ओ-के हे छत्रीसारखं मोठं चिन्ह, आणि त्याखाली के-एन-एन आणि जी-ओ-एम ही दोन वेगळी. छत्रीचं चिन्ह टाकून शोधाल तर हवं ते पान मिळेलच असं नाही.

ज्यांना यादीच हवी, त्यांनी डाउनलोडच्या पानावर जावं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज आणि वीज दोन्ही लपंडाव खेळतात, तिथे फाइल एकदा उतरवून घेतलेली बरी. भाषांची सीएसव्ही (रकान्यांच्या तक्त्याची साधी मजकूर-फाइल) लहान आहे. संदर्भांची फाइल मोठी, ती गरज असेल तरच घ्या. पापुआ न्यू गिनीतल्या एकाकी भाषा काढायच्या तर लँग्वॉइड नावाची सीएसव्ही उघडा. लेव्हलच्या रकान्यात लँग्वेज ठेवा, कुळाच्या रकान्यात रिकाम्या जागा निवडा, बुककीपिंगचा रकाना (रद्द झालेल्या नोंदींची खूण) ‘फॉल्स’ असलेलेच घ्या. मग देशाच्या रकान्यात पीजी, म्हणजे पापुआ न्यू गिनीचं चिन्ह. इथे ‘बरोबर पीजी’ अशी गाळणी लावू नका, ‘पीजी असलेले’ अशी लावा. इंडोनेशियाच्या सीमेवरच्या भाषांना दोन देशांची चिन्हं एकाच कप्प्यात असतात, त्या पहिल्या गाळणीत गळतात. लेव्हलची अट विसरलात तर कुळांची नावंही यादीत शिरतील, कारण सर्वात वरच्या कुळाच्याही वर कुळ नसतं.

एक्सेलमध्ये फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडली की स्वरांवरची चिन्हं असलेली नावं, येलि दन्येसारखी, कचरा होऊन दिसतात. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून मजकूर-फाइल आणा आणि एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. पायथन या संगणकभाषेतलं पांडाज हे तक्ते हाताळायचं साधन वापरणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा: दक्षिण मिन चिनीचं आयएसओ चिन्ह एन-ए-एन आहे, आणि पांडाज त्याला ‘माहिती नाही’ समजून पुसून टाकतं. नामिबियाचं देशचिन्ह एन-ए, त्याचीही तीच गत. फाइल वाचतानाच अशा अक्षरांना आपोआप रिकामी जागा समजणं बंद करा.

प्रबंधात उल्लेख करताना आवृत्तीचा आकडा टाकायलाच हवा. वर्गीकरण आवृत्तीगणिक बदलतं. 2024 मध्ये 5.0 आली, त्यापुढेही येत राहतात. ‘ग्लॉटोलॉगनुसार’ एवढंच लिहिणं म्हणजे ‘सात-बारानुसार’ लिहून सर्व्हे नंबर न देण्यासारखं. परवाना सीसी-बाय 4.0 आहे, म्हणजे श्रेय देऊन तक्ते पुस्तकात छापता येतात, परवानगीचं पत्र लिहावं लागत नाही. काम जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतून चालतं, आणि चूक दिसली तर गिटहब या संकेतस्थळावर कळवता येते. कळवताना छापील पुरावा जोडा. ‘आमच्या गावात असं बोलत नाहीत’ एवढ्यावर नोंद बदलत नसते.

भाषकसंख्या आणि शाळेतला वापर हवा असेल तर एथ्नोलॉग, पण वैयक्तिक खिशातून पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडे सदस्यत्व आहे का ते विचारा. शब्दक्रम, लिंगव्यवस्था अशी व्याकरणाची तुलना करायची तर वॉल्स हा भाषालक्षणांचा नकाशासंग्रह (192 लक्षणं) किंवा 2023 मध्ये आलेलं ग्रॅमबँक (195 लक्षणं, 2467 भाषा). दोन्ही मोफत, आणि दोन्हींत ग्लॉटोकोडच चालतो, म्हणून सुरुवात ग्लॉटोलॉगपासूनच करावी.

गुण: लहान भाषांच्या वर्गीकरणासाठी पाचपैकी साडेचार. संदर्भसूचीसाठी चार, संगणकी जोडणीमुळे अर्धा आणि पुस्तकं न मिळण्यामुळे अर्धा कापला. नकाशासाठी दोन, आणि तेही कुओटसारख्यांच्या पुण्याईवर.